घाम आपला, हिशेब घड्याळाचा

"अहो, एकाच वाटेनं आलो, बरोबरीनं आलो, मग तुमचे तीनशे अठरा आणि माझे दोनशे चौदाच कसे?"

पुण्याच्या हनुमान टेकडीच्या माथ्यावर सकाळी पावणेसातला हा प्रश्न कानावर आला आणि मी वही काढली. विचारणाऱ्या काकू पन्नाशी ओलांडलेल्या, मनगटावर मुलानं अमेरिकेहून आणलेलं घड्याळ. काका दोन पावलं पुढे उभे राहून स्वतःच्या मनगटाकडे समाधानानं बघत होते. दोन्ही घड्याळं एकाच कंपनीची, एकाच बॅगेतून आलेली. "मी मेहनत जास्त घेतो," काका म्हणाले. "मेहनत कसली? अख्ख्या चढाला मीच पुढे होते," काकू म्हणाल्या. बाकावरचे तिघे-चौघे हसले आणि लगेच आपापल्या बाह्या मागे सारून आकडे बघू लागले.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकाला 'मोजमाप' हा विषय दिला. कुणाच्या वाट्याला सातबारा आला, कुणाच्या पाऊस. माझ्या वाट्याला व्यायामात जळणाऱ्या कॅलरी आल्या. मग टेकडी झाली, जिम झाली, कोल्हापूरची तालीम झाली, मार्केट यार्डही झालं. सगळीकडे विचारत गेले की हा आकडा येतो कुठून आणि आल्यावर तुम्ही त्याचं करता काय. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त रंगतदार निघाली.

काकूंचं समाधान मात्र तिथेच करावं लागलं. काकांचं वजन ऐंशीच्या घरात, काकूंचं अठ्ठावन्न. चढावर आपण मुख्यतः आपलंच अंग उचलत असतो, त्यामुळे जड माणसाला तीच टेकडी महाग पडते. शिवाय घड्याळानं दोघांचं वय, उंची, स्त्री की पुरुष, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेलं. म्हणजे पायथ्याशी बूट बांधले तेव्हाच दोघांच्या आकड्यांतला बराचसा फरक ठरून गेला होता. काकूंना हे पटलं, पण आवडलं नाही.

हिरव्या दिव्याखाली

मनगटावरचं घड्याळ उलटं करून पाहा. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली की वाढतो. शेजारचा संवेदक ही चढउतार टिपतो आणि त्यावरून नाडी निघते. दुसरा एक चिमुकला भाग हाताची हालचाल पकडतो आणि त्यावरून पावलं निघतात. बाहेर असाल तर उपग्रहांवरून वेग आणि अंतर मिळतं.

घड्याळ खरोखर मोजतं ते एवढंच: नाडी, हालचाल, अंतर. कॅलरी मोजणारं काहीही त्यात नसतं. नाडी, वजन, उंची, वय, स्त्री की पुरुष ही माहिती एका सूत्रात घालून कॅलरीचा आकडा काढला जातो, आणि ते सूत्र प्रत्येक कंपनी तिजोरीत ठेवते. लग्नघरातला आचारी निमंत्रितांची यादी आणि मांडवातली गर्दी बघून जिलेबीचा अंदाज बांधतो, तसा हा प्रकार. अनुभवी आचाऱ्याचा अंदाज बहुतेकदा जमतो. पण पानावर कुणी किती खाल्लं हे त्यानं पाहिलेलं नसतं.

या अंदाजामागचं शास्त्र चुकीचं नाही. मध्यम व्यायामात नाडी आणि शरीरानं वापरलेला प्राणवायू जवळपास एका रेषेत वाढतात. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण पाच कॅलरी खर्च झाल्या, हे पक्कं ठाऊक आहे. (आपण बोलतो ती कॅलरी म्हणजे शास्त्रातली किलोकॅलरी, एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला लागेल एवढी उष्णता.) म्हणून नाडीवरून प्राणवायू आणि प्राणवायूवरून कॅलरी, अशी साखळी जुळते. ती तुटते ती दोन्ही टोकांना. माणूस बसून आहे, पण परीक्षेच्या निकालाची वाट बघतोय किंवा नुकती कडक कॉफी झाली आहे, तर नाडी धावते, स्नायू काहीच करत नाहीत. मे महिन्यात अकोल्यात चालणाऱ्याची नाडी डिसेंबरपेक्षा वर असते, कारण हृदय रक्त कातडीकडे पाठवून अंग थंड करण्याच्याही कामाला लागलेलं असतं. घड्याळ ती जादा नाडी व्यायामाच्या खाती जमा करतं.

उलटही घडतं. टेकडीवरच्या एका निवृत्त शिक्षकांची तक्रार होती की घड्याळ त्यांचा उपमर्द करतं. दम लागेपर्यंत चढूनही आकडा शेजाऱ्याच्या निम्मा. बोलता बोलता कळलं, त्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल चालू आहे. ही गोळी नाडीला लगाम घालते. पाय तेवढेच राबतात, घड्याळाला वाटतं गुरुजी आरामात आहेत. मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे गोळी बंद केली की कॅलरी वाढतील?" शेजाऱ्यांनीच त्यांना दटावलं, ते बरं झालं.

हालचालीच्या संवेदकाच्या गमतीजमती तर घरोघर आहेत. पोळ्या लाटताना पावलं वाढतात. भाजीची ढकलगाडी दोन्ही हातांनी धरून मॉलभर फिरलं तर पावलं नोंदली जात नाहीत, कारण हात हलत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० जणांच्या मनगटांवर सात वेगवेगळी यंत्रं बांधून त्यांना चालवलं, पळवलं, सायकल मारायला लावली. सातपैकी सहा यंत्रांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली, ही कौतुकाची गोष्ट. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. सावळी कातडी आणि जाड मनगट असलं की नाडीतली चूकही वाढत होती. नंतरच्या मॉडेलांच्या चाचण्यांतही नाडी बरी, कॅलरी कच्ची, असाच निकाल येत राहिला आहे. तरी पडद्यावर '२१४' असाच आकडा उमटतो. 'दीडशे ते पावणेतीनशेच्या मध्ये कुठेतरी' असं दाखवणारं घड्याळ अजून कुणी बाजारात आणलेलं नाही, आणि आणलं तर कुणी घेईल असंही वाटत नाही.

मुखवटा चढवून धावणारी मुलगी

मग खरं मोजतात कसं? ते बघायला एका क्रीडा-वैद्यकीय केंद्रात गेले. अर्धमॅरेथॉनची तयारी करणारी चोविशीतली मुलगी ट्रेडमिलवर उभी होती. तिच्या नाकातोंडावर रबरी मुखवटा घट्ट बसवला होता, त्यातून निघालेली नळी शेजारच्या यंत्रात. तंत्रज्ञानं मुखवट्याच्या कडेनं बोट फिरवून, तिला जोरात फुंकर मारायला लावून हवा कुठून निसटत नाही ना ते पाहिलं. बारीक गळती असली तरी सगळी चाचणी फुकट जाते, म्हणाला. मग पट्टा सुरू झाला. मुलगी आत घेते त्या हवेत प्राणवायू किती, सोडते त्या हवेत किती उरला आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे श्वासागणिक पडद्यावर उमटू लागलं. ताशी आठ किलोमीटरला ती मिनिटाला साधारण आठ कॅलरी खर्च करत होती. तिच्या मनगटावरचं घड्याळ त्याच वेळी मिनिटाला दहाच्या पुढे सांगत होतं. "घड्याळच बरं वाटतंय," ती मुखवटा काढल्यावर म्हणाली.

श्वासावरून उष्णता काढण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात एका गिनिपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात बसवलं, त्याच्या अंगाच्या उबेनं किती बर्फ वितळलं ते तोललं आणि त्याच्या उच्छ्वासाशी ताडून पाहिलं. श्वसन म्हणजे संथ ज्वलनच, हा निष्कर्ष तिथून आला. आपण 'कॅलरी जाळल्या' म्हणतो त्यामागे बर्फातला तो बिचारा प्राणी आहे. शतकभरानं अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस राहू शकेल एवढी बंद खोलीच बांधली. आत खाट, टेबल, बसून मारायची सायकल. जेवण एका खिडकीतून आत. भिंतींतून फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानावरून आतल्या माणसाची उष्णता मोजली जाई, आणि असे प्रयोग दिवसेंदिवस चालत. प्रथिनं आणि पिष्ट पदार्थ ग्रॅमला चार कॅलरी, स्निग्ध पदार्थ नऊ, हे आपल्या बिस्किटांच्या पुड्यांवरचे आकडे त्यांच्याच कामातून आले.

खोलीत कोंडलेला माणूस टेकडी चढत नाही, ही अडचण उरलीच. तिच्यावर उपाय म्हणजे खास पाणी. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू नेहमीपेक्षा जड असतात, पण चव पाण्याचीच. ते प्यायचं आणि आठवडा-दोन आठवडे आपापल्या कामाला लागायचं. अधूनमधून लघवीचा नमुना द्यायचा. जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्यातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून दिवसाचा खर्च. आज मोकळ्या माणसाचा खर्च मोजण्याची हीच सर्वांत विश्वासाची रीत. ती महाग आहे, आणि रोजच्या चालण्यातला सकाळचा अर्धा तास वेगळा काढून दाखवणं तिला जमत नाही.

सत्तर किलोचा एक माणूस

मुखवटा प्रत्येकाला बांधता येत नाही म्हणून तज्ज्ञांनी सोपी वाट काढली. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च एक धरायचा, त्याला 'मेट' म्हणायचं, आणि प्रत्येक काम त्याच्या किती पट आहे ते लिहून ठेवायचं. अमेरिकेतल्या बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशी मोठी सूची प्रसिद्ध केली आणि ती वेळोवेळी वाढवत नेली. फोनमधल्या बहुतेक व्यायाम-अ‍ॅपांचे आकडे फिरून फिरून याच सूचीपाशी येतात. संथ हठयोग अडीच, जरा भरभर चालणं साडेतीनच्या आसपास, ताशी दहा किलोमीटरच्या आतबाहेर धावणं दहाच्या जवळ.

एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू. हा साडेतीन आला कुठून? चाळिशीतल्या, सत्तर किलो वजनाच्या एका पुरुषाच्या मोजणीवरून. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ७६९ स्त्री-पुरुषांची प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा सरासरी २.६ निघाली. म्हणजे पायाच्या दगडातच फरक, आणि त्यावर पटींचे मजले.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जगभर गाजला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'नं छापला. फोटोत ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हे आपल्याकडच्या कितीतरी शरीरांचं वर्णन आहे, आणि मधुमेहाशी त्याचं नातं याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं उलगडून दाखवलं. कॅलरीच्या हिशेबात त्याचा अर्थ साधा आहे. बसल्या जागी इंधन जाळण्यात चरबीपेक्षा स्नायूंचा वाटा मोठा. वजन तेच, पण स्नायू कमी, तर खर्चही कमी. घड्याळ तुम्हाला वजन विचारतं. त्या वजनात काय भरलंय हे विचारत नाही.

सूर्यनमस्काराचं उदाहरण तर मला फार आवडलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा गावोगाव प्रसार केला, तेव्हा त्यांना नमस्कारांच्या संख्येशी मतलब होता. आता शोधा 'सूर्यनमस्कारात किती कॅलरी', आणि बघा. एन्सवर्थ यांच्या २०११च्या सूचीत सूर्यनमस्काराला ३.३ मेट दिले आहेत. या हिशेबानं साठ किलोच्या माणसाला अर्ध्या तासात शंभराच्या थोड्या वर कॅलरी लागतात. त्याच २०११ साली सहा तरुण भारतीयांना मुखवटे बांधून केलेल्या एका अभ्यासात साठ किलोच्या माणसाचा अर्ध्या तासाचा खर्च २३० निघाला, दुपटीहून जास्त. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. एकानं संथ, श्वासाच्या लयीत घातलेले नमस्कार धरले, दुसऱ्यानं दम काढणारे. शाळेत रांगेत उभं राहून आपण कुठले घालायचो ते ज्याचं त्यानं आठवावं. आणि सहजच: त्याच सूचीत घर झाडण्यालाही नेमके ३.३ मेट आहेत. अ‍ॅपवर सूर्यनमस्काराचं चित्र पहिल्या पानावर असतं. केरसुणीचं मला कुठे दिसलं नाही.

"सर, आज पाचशे"

उपनगरातल्या एका मध्यम जिममध्ये संध्याकाळी सातला गेले. ट्रेडमिलची रांग, प्रत्येकावर लाल आकडे. मशीनवर कॅलरी ३१०, त्याच माणसाच्या घड्याळात २६४, खिशातल्या फोनमध्ये २२१. तिन्ही यंत्रं त्याच पायांबद्दल बोलत होती. "तुम्ही कुठला धरता?" मी विचारलं. "मशीनचा," तो हसून म्हणाला. सोपं आहे, तोच सगळ्यांत मोठा.

मशीन चालू करताना वजन विचारतं. रांगेत उभं राहून मी बघत होते. बहुतेक जण ते पान ओलांडून थेट हिरवं बटण दाबतात. मग मशीन कारखान्यात भरलेलं वजन धरून चालतं, तुम्ही पन्नास किलोचे असा की नव्वदचे. चढ दहावर ठेवून पुढच्या दांड्याला लोंबकळणारे तर प्रत्येक जिममध्ये असतात. अंगाचा भार दांडा घेतो, आकडा मशीन देतं, आणि पिंढऱ्या मोकळ्या राहतात. ट्रेनर तरुण होता, बोलका होता. नव्या माणसाला तो म्हणत होता, "सर, आज पाचशे जाळायच्यात." बाजूला घेऊन विचारलं तर खरं बोलला: "मॅडम, आकडा दिला की माणूस थांबतो. 'अर्धा तास चाला' म्हटलं की वीस मिनिटांत उतरतो." या उत्तरात दम आहे, नाकारत नाही. वजनं उचलणाऱ्यांची गोष्ट वेगळी. डेडलिफ्ट मारताना नाडी चढते, मनगट वाकतं, मूठ आवळली जाते, हिरव्या दिव्याखालचं रक्त भलतंच वागतं. पुढचे दोन दिवस स्नायू डागडुजी करत राहतात, तो खर्च व्यायामाच्या नोंदीत दिसतच नाही. वजनं उचलणाऱ्या माणसाला घड्याळानं कमी गुण दिले म्हणून तो व्यायाम सोडून ट्रेडमिलवर गेला, तर नुकसान त्याचं आहे, आणि असे दोघे मला तिथेच भेटले.

पोटावर रबरी पट्टा गुंडाळून, वर जाड जॅकेट घालून घाम गाळणारा एक जण कोपऱ्यात होता. घामाचा कॅलरीशी संबंध एवढाच की अंग तापलं. घटलेलं वजन पाण्याचं असतं, दोन तांब्यांत परत येतं.

तालमीत जोर मोजतात

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे पाचला लाल मातीचा थंड वास येतो. पोरं लंगोट कसून हौद्याच्या कडेला जोर मारत होती. मोजणी चालू होती, मोठ्यानं, पण ती जोर-बैठकांची. घड्याळं सगळी खुंटीला. कुस्तीत मनगटावर काही ठेवायची सोय नाही, वस्ताद पाठीत घालतील. कॅलरीचं विचारल्यावर वस्ताद म्हणाले, "ते आम्हाला न्हाई कळत बगा. पोरगं जोर मारून खाली बसलं, की त्याचं त्वांड बघायचं. भूक लागली का, झोप लागली का, सकाळी उठलं का. झालं."

खुराकाचा हिशेबही असाच हाताचा: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. हे सगळं पचतं कारण मेहनत तेवढी आहे. कळीचं वाक्य वस्तादांनीच पुढे टाकलं: कुस्ती सुटली आणि खुराक सुटला नाही की दोन वर्षांत पैलवानाचं पोट पुढे येतं. असे जुने मल्ल त्यांनी बोटांवर मोजून दाखवले, नावानिशी. नावं मी लिहीत नाही.

पन्नास किलोची गोणी

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागात ट्रक लागला होता. पन्नास किलोची साखरेची गोणी एकानं फळीवरून पुढे सरकवली, खालच्यानं मान झुकवून पाठीवर घेतली, डावा हात मागे वळवून कानाला धरली आणि अर्धवट पळतच गोदामात नेली. पूर्वी शंभर किलोची असायची. पन्नासची व्हावी म्हणून हमाल संघटनांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. गोणी नेणाऱ्या त्या हमालांच्या मनगटावर दोरा होता, घड्याळ नव्हतं. मी माझं त्यांच्या हातात बांधू का विचारलं. "बांधा, पण फुटलं तर माझ्या नावावर नको," म्हणाले. दहा मिनिटांनी घड्याळानं विचारलं, हा कुठला व्यायाम आहे? यादीत नृत्य होतं, गोल्फ होतं, बर्फावरची घसरगुंडी होती. हमाली नव्हती. 'इतर' दाबलं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आणि जड कष्ट करणाऱ्याला ३४७० सांगितल्या आहेत. मधला फरक तेराशेच्या वर, आणि तो रोजच्या जेवणातून भरून काढायचा. हमाल पंचायतीनं डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती राबणाऱ्या माणसाला परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणून. कॅलरी घटवणं हा ज्यांचा छंद आहे आणि कॅलरी मिळवणं हा ज्यांचा दिवस आहे, ते दोघेही याच शहरात राहतात. मोजण्याची सगळी यंत्रं पहिल्यांकडे आहेत.

पण इथे एक गाठ आहे. टांझानियात हाड्झा नावाचे लोक शिकार करून, कंद खणून जगतात. त्यांचे पुरुष दिवसाला सरासरी ११ किलोमीटरच्या वर चालतात. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांना ते जड पाणी पाजून मोजणी केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला: शरीराचं आकारमान हिशेबात घेतलं तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या खुर्चीवाल्यांपेक्षा वेगळा निघाला नाही. पॉन्ट्झर यांचं म्हणणं असं की शरीर खर्चाला मर्यादा घालतं. चालण्यात जास्त गेलं की आतल्या दुसऱ्या कामांवर, दाह, ताणाची संप्रेरकं अशांवर, हात आखडता घेतं. हे सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य आहे असं नाही; हमालाचे ३४७० आणि हाड्झांचे आकडे एका वाक्यात बसवायचे कसे, यावर वाद चालू आहे. माझा कौल असा की दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात. जड कष्टाला अन्न जास्त लागतं हे मार्केट यार्डात दिसतंच. पण आज तीनशे जास्त जाळले म्हणून दिवसअखेर शिलकीत तीनशेच घटतील, हे गणित शरीर मान्य करत नाही. उरलेल्या दिवसात आपण नकळत सोफ्यावर जास्त लोळतो, लिफ्ट घेतो, आणि शरीरही आतल्या आत काटकसर करतं.

बेसनाचा एक लाडू

आता फराळाकडे येऊ, कारण हा अंक त्याच्या शेजारीच उघडला जाणार आहे. चाळीस ग्रॅमचा बेसनाचा लाडू घ्या. त्यात साधारण पंधरा ग्रॅम बेसन, तेरा साखर, बारा तूप. अ‍ॅटवॉटर यांचे आकडे लावा: बेसनाच्या छप्पन्न, साखरेच्या बावन्न, तुपाच्या एकशे आठ. एकूण २१६. आता साठ किलोची बाई ताशी पाच किलोमीटरनं तासभर चालली, तर साडेतीन मेटच्या हिशेबानं घड्याळ २१० दाखवेल. लाडू फिटला असं वाटतं ना? पण त्या २१० मध्ये साठेक कॅलरी अशा आहेत की ती घरी पेपर वाचत बसली असती तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई दीडशे. लाडू फेडायला जवळपास दीड तास. काही घड्याळं हा फरक 'सक्रिय' आणि 'एकूण' अशा दोन आकड्यांत वेगळा दाखवतात. बघणारे मात्र मोठाच बघतात. त्यात जेवण नोंदवायचं अ‍ॅप असेल तर ते उदार मनानं सांगतं की आज व्यायाम केलात, आता आणखी २१० खायला हरकत नाही. वजन न उतरणाऱ्या कितीतरी व्यायामप्रेमींचं गुपित या एका ओळीत आहे.

म्हणून चालणं सोडायचं का? मुळीच नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, गुडघ्याभोवतीचे स्नायू, म्हातारपणी जमिनीवरून हात न टेकता उठता येणं, यांतलं काहीच कॅलरीच्या आकड्यात दिसत नाही आणि व्यायामाची खरी मिळकत हीच आहे. घड्याळही टाकून देऊ नका. नाडी ते चांगली मोजतं. तोच चढ, तोच वेग, आणि तीन महिन्यांनी नाडी आठ-दहा ठोक्यांनी खाली आली असेल, तर तुमचं हृदय सुधारलं; आणि नेमका त्या दिवशी कॅलरीचा आकडा घटलेला दिसेल, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. स्वतःच्या गेल्या महिन्याशी स्वतःची तुलना करा, नवऱ्याच्या मनगटाशी नको. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाडीवरचे आकडे डॉक्टरांना विचारूनच वाचा, आणि गोळी घड्याळासाठी तर कधीच बंद करू नका. जेवणाच्या अ‍ॅपमध्ये 'व्यायामाच्या कॅलरी परत मिळवा' असा पर्याय असेल तर तो बंद करा. आणि पाडव्याला नवं घड्याळ घेतलंत, तर पहिल्या दिवशी ते वजन विचारेल, तिथे खरं वजन भरा. लग्नातलं नको.